वेव्ह रिस्पॉन्सच्या रनमधून जॉइंट डिस्प्लेसमेंट कशी काढावी

सांगलीत बसून समुद्रातल्या जॅकेटचे, म्हणजे तेलाच्या प्लॅटफॉर्मखालच्या पोलादी सांगाड्याचे, विश्लेषण करणे आता कोणाला अप्रूपाचे वाटत नाही. वालचंद महाविद्यालयातून शिकून बाहेर पडलेली मुले मुंबई-पुण्याच्या डिझाइन ऑफिसांसाठी विश्रामबागेतल्या घरातून रन घेतात, आणि ज्या समुद्राच्या लाटा ती दिवसभर मोजतात तो समुद्र पाहायचा झाला तर त्यांना आंबा घाट उतरावा लागतो. अशा मुलांकडून मला वर्षातून दोन-चार वेळा तरी एकच प्रश्न येतो : "सर, वेव्ह रिस्पॉन्सचा रन एररशिवाय पूर्ण झाला, पण लिस्टिंगमध्ये जॉइंट डिस्प्लेसमेंटचा तक्ता कुठेच सापडत नाही." वेव्ह रिस्पॉन्स म्हणजे लाटांखाली जॅकेट कसे डोलते याची गणना, जॉइंट म्हणजे त्याच्या नळ्या जुळतात तो सांधा, आणि लिस्टिंग म्हणजे सॉफ्टवेअरने छापलेले उत्तर. फोनवर तुकड्यातुकड्याने सांगितलेले उत्तर एकदा सलग लिहून काढावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आरंभी शब्दाबद्दल थोडेसे. पुस्तकी मराठीत डिस्प्लेसमेंटला, म्हणजे जॉइंट जागेवरून किती हलला त्याला, 'विस्थापन' म्हणता येईल, परंतु सातारा-सांगलीच्या माणसाला विस्थापन म्हटले की कोयनेचे धरणग्रस्त आठवतात, जॅकेटचा जॉइंट नव्हे. ऑफिसातही तो शब्द कोणी उच्चारत नाही. म्हणून येथे सर्वत्र 'डिस्प्लेसमेंट' असेच लिहिले आहे.

मी रोज सॅक्स हे विश्लेषणाचे सॉफ्टवेअर वापरतो, म्हणून मॉड्यूलची नावे त्यातली येतील. सेसमसारखे दुसरे पॅकेज वापरणाऱ्याला नावे बदलून घ्यावी लागतील, पण आतला हिशेब तोच आहे. आकडे दिले आहेत तिथे एकच उदाहरण डोळ्यांपुढे ठेवले आहे : ७५ मीटर खोल पाण्यातले चार पायांचे जॅकेट, पहिल्या मोडचा (जॅकेटच्या स्वतःच्या डोलण्याच्या सर्वांत संथ तऱ्हेचा) आवर्तकाळ २.८ सेकंद, डॅम्पिंग (डोलणे शमवणारा विरोध) २ टक्के. मुंबई हायच्या परिसरात पाणी साधारण इतकेच खोल आहे; बाकीचे आकडे समजावण्यापुरते घेतलेले आहेत.

तक्ता का सापडत नाही

स्टॅटिक रनमध्ये, म्हणजे बल स्थिर धरून केलेल्या गणनेत, सॉफ्टवेअर प्रत्येक लोड केससाठी (बलांच्या एका संचासाठी) सगळ्या जॉइंटची समीकरणे सोडवते, त्यामुळे प्रत्येक जॉइंटची डिस्प्लेसमेंट हे त्याचे पहिलेच उत्तर असते आणि मेंबरमधली (जॉइंटना जोडणाऱ्या नळ्यांमधली) बले त्यानंतर निघतात. वेव्ह रिस्पॉन्समध्ये हा क्रम पाळला जात नाही. तिथे डिनपॅक या मॉड्यूलने आधी काढून ठेवलेले मोड घेतले जातात, प्रत्येक क्षणी लाटेचे बल त्या मोडवर पाडले जाते, आणि दर मोडमागे एक अशी मोजकी समीकरणे सोडवली जातात. सॉफ्टवेअरच्या हाती त्या क्षणी फक्त हे असते की पहिला मोड इतका हलला, दुसरा इतका, तिसरा इतका. जॉइंटची डिस्प्लेसमेंट हवी असेल तर त्या जॉइंटची प्रत्येक मोडमधली मोड शेपची (त्या मोडच्या आकाराची) किंमत त्या मोडच्या हालचालीने गुणून सगळ्यांची बेरीज करावी लागते. ही बेरीज हजारो क्षण आणि शेकडो जॉइंट यांच्यासाठी छापायची तर कागदाचा ढीग होईल. म्हणून लिस्टिंगमध्ये बेस शिअर (तळाशी येणारे एकूण आडवे बल), ओव्हरटर्निंग मोमेंट (जॅकेट उलथवू पाहणारा जोर) आणि स्टॅटिकपेक्षा परिणाम किती पट झाला हे सांगणारे डायनॅमिक अॅम्प्लिफिकेशन येवढेच ठळकपणे दिसते.

तेव्हा तक्ता हरवलेला नसतो. तो मागून घ्यावा लागतो, आणि मागताना नेमके काय हवे ते आपल्याला ठाऊक असावे लागते. क्लायंटच्या पत्रात 'डेकची कमाल डिस्प्लेसमेंट कळवावी' असे एका ओळीत लिहिलेले असते, पण त्या ओळीचे निदान चार अर्थ होतात. एका ठराविक लाटेखाली एका जॉइंटची काळानुसार हालचाल हवी असेल. संपूर्ण जॅकेटचा एका क्षणीचा वाकलेला आकार हवा असेल. तीन तासांच्या वादळात संभवणारी सर्वांत मोठी हालचाल हवी असेल. किंवा प्रत्येक आवर्तकाळाच्या एक मीटर लाटेला जॉइंट किती हलतो हा ट्रान्सफर फंक्शनचा आलेख हवा असेल. या चारही गोष्टी वेगवेगळ्या मार्गांनी निघतात, आणि चुकीच्या मार्गाने काढलेला आकडा दिसायला मात्र तितकाच साजरा असतो. रन लावण्यापूर्वी पत्र पाठवणाऱ्याला विचारून घ्यावे. त्यात कमीपणा नाही.

त्याच वेळी 'कशाच्या सापेक्ष' हेही विचारावे. आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांवर गेले की इशारा आणि ४५ फुटांवर गेले की धोका, हे सांगलीतल्या शाळकरी पोरालाही माहीत असते, पण ते फूट पुलाजवळच्या ठरलेल्या शून्यापासून मोजलेले आहेत म्हणूनच त्यांना अर्थ आहे. डिस्प्लेसमेंटचेही तसेच. कोयना धरणाचे ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपातले वर्तन जगभर सॉफ्टवेअर तपासण्यासाठी नमुना म्हणून वापरले जाते, आणि त्यात माथ्याची डिस्प्लेसमेंट दाखवताना ती जमिनीच्या सापेक्ष आहे हे स्पष्ट केलेले असते. लाटांच्या विश्लेषणात जमीन हलत नसल्यामुळे हा प्रश्न सुटला असे वाटते. परंतु पाइलचे, म्हणजे जॅकेट तळात रोवून धरणाऱ्या खांबाचे, डोके हलते, आणि डेकचा आकडा पाइलच्या डोक्यापासून की स्थिर जमिनीपासून, यावर काही सेंटीमीटरचा फरक पडू शकतो.

मोडची तयारी

डिनपॅकचा रन येथे सविस्तर सांगत नाही, पण ज्या दोन ठिकाणी पुढच्या डिस्प्लेसमेंटवर थेट परिणाम होतो ती सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

पहिले ठिकाण म्हणजे जॉइंटचे फिक्सिटी कोड. डायनॅमिक मॉडेलमध्ये ज्या जॉइंटवर वस्तुमान गोळा करून ठेवायचे त्यांना २२२००० असा कोड दिला जातो. म्हणजे तीन सरळ हालचाली राखून ठेवल्या आणि तीन वळणे आकसून टाकली. ज्यांना असा कोड नाही ते जॉइंट राखलेल्या जॉइंटच्या मागे फरफटत जातात. जॅकेटच्या प्रत्येक आडव्या पातळीवरचे पायांचे जॉइंट आणि डेकचे मुख्य जॉइंट राखले तर एकंदर डोलण्याचे चित्र उत्तम येते. मात्र ज्याची डिस्प्लेसमेंट तुम्हाला कळवायची आहे, उदाहरणार्थ शेजारच्या प्लॅटफॉर्मकडे जाणाऱ्या पुलाच्या बेअरिंगखालचा जॉइंट किंवा रायझरच्या (तेल-वायूच्या उभ्या नळाच्या) क्लॅम्पचा जॉइंट, तो राखलेल्यांच्या यादीत आहे का हे आधी पाहावे. नसेल तर घालावा आणि डिनपॅक पुन्हा चालवावा. हे काम दहा मिनिटांचे आहे; अहवाल गेल्यावर करायचे म्हटले तर आठवडा जातो.

दुसरे ठिकाण पाया. मोड काढण्यासाठी ताठरता सरळरेषी असावी लागते, पण पाइलभोवतीची माती तशी वागत नाही. म्हणून पीएसआय या पाइल-मातीच्या मॉड्यूलमधून पाइल आणि मातीचे एका ठराविक लोडजवळ सरळ केलेले सुपरएलिमेंट (सगळ्या पायाऐवजी बसणारा ताठरतेचा एकच संच) बनवून ते जॅकेटखाली लावतात. ते कोणत्या लोडजवळ सरळ केले यावर सगळे अवलंबून आहे. फटीगच्या (वारंवारच्या बलाने धातू थकण्याच्या) हिशेबातल्या लहान लाटांसाठी बनवलेले सुपरएलिमेंट ताठ असते. तेच वादळी लाटेच्या रनमध्ये वापरले तर पाइलचे डोके कमी हलते, आवर्तकाळ कमी येतो आणि डेकची डिस्प्लेसमेंटही कमी दिसते. चूक आपल्याला सुखावणाऱ्या दिशेची असल्यामुळे ती कोणाच्या लक्षात येत नाही.

याच टप्प्यावर माझ्या हातून घडलेली एक चूक सांगून टाकतो. नोकरीच्या पहिल्या वर्षात मी डिनपॅकच्या लिस्टिंगमधला मोड शेपचा तक्ता उघडला, डेकच्या जॉइंटसमोर १.००० आणि खालच्या पातळ्यांवर क्रमाने ०.८१, ०.५६ असे आकडे पाहिले, आणि वर एकक लिहिलेले नसताना ते सेंटीमीटर आहेत असे गृहीत धरून डेकची डिस्प्लेसमेंट १ सेंटीमीटर असल्याचे टिपण लिहून दिले. मोड शेप म्हणजे केवळ आकार. त्यातले सगळे आकडे दहापट केले तरी तो मोड तोच राहतो. तपासणाऱ्या वरिष्ठांनी काही न बोलता त्या १.००० भोवती पेन्सिलीने गोल काढला आणि शेजारी प्रश्नचिन्ह ठेवले. तो कागद मी अजून जपून ठेवला आहे.

मुख्य मार्ग : समतुल्य स्टॅटिक लोड

बहुतेक कामांत ज्या मार्गाने डिस्प्लेसमेंट काढावी तो हा आहे, आणि त्याचे कारण नीट समजून घ्यावे. मोडची बेरीज करून काढलेली डिस्प्लेसमेंट एकंदर डोलण्यापुरती चांगली असते, परंतु आपण वीस-तीस मोडच घेतलेले असतात आणि एखाद्या ब्रेसचे (तिरप्या नळीचे) किंवा क्लॅम्पचे स्थानिक वाकणे त्या मोडमध्ये नसतेच. म्हणून सॉफ्टवेअर असे करते : निवडलेल्या क्षणी मेंबरवर लाटेचे जे बल आहे ते जसेच्या तसे घेते, त्या क्षणी प्रत्येक राखलेल्या जॉइंटचे त्वरण काढून ते वस्तुमानाने गुणते, आणि येणारे जडत्वाचे बल उलट्या दिशेने जॉइंटवर लावते. हे दोन्ही मिळून एक लोड केस होतो. तो संपूर्ण मॉडेलवर साध्या स्टॅटिक रनने सोडवला की स्थानिक वाकणेही मिळते आणि डायनॅमिक परिणामही आत आलेला असतो. जे तक्ते वेव्ह रिस्पॉन्समध्ये सापडत नव्हते ते या दुसऱ्या रनमध्ये आपोआप छापले जातात.

प्रत्यक्ष करताना आधी बेस शिअर आणि ओव्हरटर्निंग मोमेंट यांचे काळानुसार आलेख उघडावे. कमाल बेस शिअरचा क्षण आणि कमाल मोमेंटचा क्षण सहसा एक नसतो. डेकची डिस्प्लेसमेंट मोमेंटच्या जास्त जवळून चालते, कारण डेकचे जड वस्तुमान वर आहे आणि त्याचे जडत्वाचे बल लांब हातावर काम करते. त्यामुळे केवळ कमाल बेस शिअरचा क्षण घेऊन 'ही कमाल डिस्प्लेसमेंट' असे लिहिणे धाडसाचे आहे. मी नेहमी दोन्ही क्षण घेतो, आणि ज्या जॉइंटबद्दल प्रश्न आहे त्याचा मोडमधून काढलेला काळानुसार आलेख उपलब्ध असेल तर त्याच्या शिखराचा क्षण तिसरा म्हणून घेतो. आठ दिशांच्या लाटा असतील तर चोवीस लोड केस होतात, तेवढे परवडते.

मग या क्षणांसाठी समतुल्य लोडची फाइल मागावी. फाइल तयार झाल्यावर ती उघडून पाहण्याची सवय लावावी. लोड केसची नावे दिशा आणि क्षण दाखवणारी आहेत का, डेकच्या जॉइंटवर जडत्वाची बले दिसतात का, आणि ती लाटेच्या दिशेने आहेत की विरुद्ध, हे दोन मिनिटांत कळते. आवर्तकाळ लाटेपेक्षा बराच कमी असताना कमाल मोमेंटच्या क्षणी जडत्वाचे बल लाटेच्याच दिशेने दिसायला हवे. विरुद्ध दिसले तर क्षण चुकला आहे किंवा सुरुवातीचे हेलकावे अजून शमलेले नाहीत.

यानंतरच्या स्टॅटिक रनमध्ये तीन ठिकाणी माणसे अडखळतात. एक, सीस्टेट या लाटेचे बल काढणाऱ्या मॉड्यूलचा लाटेचा डेटा त्या इनपुटमध्ये तसाच राहतो. सॉफ्टवेअर इमानदारीने लाट पुन्हा एकदा लावते आणि तेच बल दोनदा मोजले जाते. समतुल्य लोडमध्ये लाट आलेलीच आहे, तेव्हा दुसरी काढून टाकावी. दोन, या लोड केसमध्ये जॅकेटचे वजन, डेकवरची उपकरणे वा उत्प्लावन नसते. त्यांचे लोड केस वेगळे ठेवून कॉम्बिनेशन करावे लागते, आणि पाया पीएसआयने नॉनलिनिअर (सरळरेषी न धरता) सोडवणार असाल तर हे कॉम्बिनेशन सोडवण्यापूर्वी करावे लागते. नॉनलिनिअर रनची दोन उत्तरे मागून एकमेकांत मिळवता येत नाहीत. तीन, आउटपुटच्या पर्यायांत जॉइंट डिस्प्लेसमेंट छापण्याची खूण केलेली नसते. हे सांगताना हसू येते, पण 'तक्ता नाही' असे म्हणणाऱ्यांपैकी काहींचा सगळा रन बरोबर असतो आणि एवढीच खूण राहिलेली असते.

पायाबद्दल निर्णय येथे पुन्हा घ्यावा लागतो. स्टॅटिक रन त्याच सरळ केलेल्या सुपरएलिमेंटवर घेतला तर डिस्प्लेसमेंट डायनॅमिक रनशी जुळते आणि पडताळा सोपा होतो. पूर्ण पीएसआयवर घेतला तर पाइलच्या डोक्याची हालचाल जास्त खरी येते, पण डायनॅमिक रनशी थेट तुलना करता येत नाही. मी पडताळ्यासाठी पहिला आणि अहवालासाठी दुसरा घेतो. कोणता आकडा कोणत्या रनचा हे लिहून ठेवले नाही तर दोन महिन्यांनी आपले आपल्यालाच सांगता येत नाही.

कागदावरचा पडताळा

तक्ता मिळाला की लगेच कॉपी करून अहवालात चिकटवू नये. पहिला पडताळा बेरजेचा : स्टॅटिक रनमधल्या सगळ्या आडव्या रिअॅक्शनची (पायाच्या प्रतिक्रिया-बलांची) बेरीज वेव्ह रिस्पॉन्सने त्याच क्षणाला सांगितलेल्या बेस शिअरच्या जवळ हवी. डॅम्पिंगच्या बलामुळे थोडा फरक राहील, पण दीडपट-दुप्पट फरक दिसला तर लाट दोनदा लागली आहे किंवा जडत्वाचे बल सुटले आहे.

दुसरा पडताळा वहीवरचा. डेक पातळीला मोड शेप १ धरली आणि पहिल्या मोडचे सामान्यीकृत वस्तुमान (त्या आकाराने डोलताना जमेस धरायचे) ३,००० टन आले असे समजू. आवर्तकाळ २.८ सेकंद म्हणजे कोनीय वारंवारता २.२४ रेडियन प्रति सेकंद. तिचा वर्ग ५.०४, त्याला ३,००० ने गुणले की ताठरता सुमारे १५,१०० किलोन्यूटन प्रति मीटर निघते. लाटेचे आणि जडत्वाचे मिळून त्या मोडवर डेक पातळीला समतुल्य ६०० किलोन्यूटन बल पडत असेल तर डिस्प्लेसमेंट सुमारे ४ सेंटीमीटर हवी. सॉफ्टवेअर ४.४ म्हणाले तर बाकीच्या मोडचा वाटा समजून पुढे जावे. ०.०४ दिसले तर एकक मीटर आहे का ते पाहावे. ४० दिसले तर मिलीमीटर आहे का ते पाहावे, आणि एकक खरोखर सेंटीमीटरच असेल तर रन बंद करून वस्तुमानाच्या इनपुटकडे जावे, कारण टन आणि किलोन्यूटन यांची गल्लत तिथेच होते. शेजारच्या वळणांच्या रकान्यात रेडियन असतात. ते चुकून सेंटीमीटर म्हणून वाचलेलेही मी पाहिले आहेत.

तिसरा पडताळा अॅम्प्लिफिकेशनचा. आपल्या उदाहरणात १२ सेकंदांच्या वादळी लाटेला एकमोडी सूत्राने अॅम्प्लिफिकेशन १.०६ येते, ५ सेकंदांच्या लाटेला १.४६, आणि ३ सेकंदांच्या लाटेला तब्बल ७.४५. म्हणजे वादळी लाटेत डायनॅमिक डिस्प्लेसमेंट स्टॅटिकपेक्षा थोडीच जास्त असायला हवी. आवर्तकाळ ३ सेकंदांपेक्षा कमी असलेल्या साध्या जॅकेटला वादळी लाटेसाठी पूर्ण डायनॅमिक विश्लेषण सहसा मागितले जात नाही, ते यामुळेच. तरी वादळी लाटेत स्टॅटिकच्या दुप्पट डिस्प्लेसमेंट दिसली तर आनंदाने 'डायनॅमिक परिणाम' असे शीर्षक देऊ नये. बहुधा सुरुवातीचे हेलकावे मोजले गेले आहेत.

काळानुसार आलेख

हे हेलकावे म्हणजे काय ते सांगतो. स्थिर उभ्या जॅकेटवर पहिल्याच क्षणी पूर्ण लाट सोडली की ते आपल्या आवर्तकाळाने झुलू लागते, आणि २ टक्के डॅम्पिंग असताना ते झुलणे मूळच्या एक टक्क्यावर यायला आपल्या उदाहरणात सुमारे १०३ सेकंद, म्हणजे साडेछत्तीस झोके लागतात. १२ सेकंदांच्या लाटेची तीन-चार आवर्तनेच चालवून त्यांतले शिखर उचलले तर लाटेची डिस्प्लेसमेंट आणि सुरुवातीचा झोका दोन्ही एकत्र उचलले जातात. नऊ-दहा आवर्तने जाऊ द्यावीत आणि सलग दोन आवर्तनांतली शिखरे एकसारखी आल्यावरच क्षण निवडावा. वेळेची पायरी पहिल्या मोडच्या आवर्तकाळाच्या विसाव्या भागापेक्षा, म्हणजे येथे ०.१४ सेकंदापेक्षा, मोठी ठेवू नये. वरचे मोड महत्त्वाचे असतील तर आणखी बारीक.

अनियमित लाटांचा रन असेल तर एकाच सीडवर (यादृच्छिक लाटा निर्माण करणाऱ्या आरंभीच्या आकड्यावर) विसंबू नये. तीन तासांचा रन वेगळ्या सीडने पुन्हा घेतला की कमाल डिस्प्लेसमेंट बदलते, कधी बरीच बदलते. अनेक सीडमधल्या कमाल किमतींची सरासरी द्यावी आणि किती सीड घेतले ते सांगावे. आमच्याकडे पावसाळ्यात वीज गेली की तासभर चाललेला रन मध्येच मरतो. त्यामुळे दहा सीडचा एक लांबलचक रन लावण्यापेक्षा दहा सुटे रन लावावेत हा सल्ला मुंबईच्या ऑफिसात कोणी देणार नाही, मी देतो.

ट्रान्सफर फंक्शन आणि स्पेक्ट्रम

फटीगच्या कामात जॉइंटचे ट्रान्सफर फंक्शन लागते, आणि तिथे सगळी मेख आवर्तकाळांच्या निवडीत आहे. २ टक्के डॅम्पिंगला अनुनादाच्या शिखराची रुंदी, शिखराच्या सुमारे ७० टक्के उंचीवर मोजली तर, २.७५ ते २.८६ सेकंद येवढीच, म्हणजे जेमतेम ०.११ सेकंद असते. आवर्तकाळ अर्ध्या-अर्ध्या सेकंदाच्या अंतराने दिले, २.५ आणि ३.० असे, तर शिखर दोन बिंदूंच्या मधून निसटून जाते आणि आलेख सपाट, निर्दोष दिसतो. शिखराभोवती ०.०२ ते ०.०३ सेकंदाच्या अंतराने बिंदू घ्यावेत. लांब गेल्यावर अंतर वाढवले तरी चालते.

दुसरी जागा पायांच्या अंतराची. पाण्याच्या पातळीला पायांमधले अंतर २० मीटर असेल तर ४० मीटर लांबीच्या लाटेत पुढच्या पायावर शिखर असताना मागच्या पायावर दरी येते आणि बले एकमेकांना खातात. खोल पाण्यात लाटेची लांबी आवर्तकाळाच्या वर्गाच्या १.५६ पट असते, म्हणून ही दरी ५.१ सेकंदांजवळ पडते. २० मीटर लांबीची, म्हणजे ३.६ सेकंदांजवळची लाट दोन्ही पायांवर एकदम येते आणि तिथे उंचवटा मिळतो. हे दोन्ही बिंदू यादीत असावेत. लाटेची उंची ठरवताना चढ १:२० किंवा १:२५ असा स्थिर धरण्याची पद्धत आहे. ड्रॅगचे (पाण्याच्या ओढीचे) बल वेगाच्या वर्गाने वाढत असल्यामुळे एक मीटर लाटेचे उत्तर दहा मीटरच्या लाटेला दहापट करून लावता येत नाही, म्हणून कोणता चढ धरला हे आलेखाखाली लिहावे.

ट्रान्सफर फंक्शनचा वर्ग करून लाटेच्या स्पेक्ट्रमने (कोणत्या आवर्तकाळाच्या लाटांत किती ऊर्जा आहे ते सांगणाऱ्या आलेखाने), मग तो जॉनस्वॅप असो की पिअर्सन-मॉस्कोविट्झ, गुणला आणि खालचे क्षेत्रफळ काढून वर्गमूळ घेतले की डिस्प्लेसमेंटचे प्रमाण विचलन मिळते. तीन तासांत ८ सेकंदांच्या सरासरी आवर्तकाळाने १,३५० लाटा येतात आणि त्यांतली संभाव्य कमाल प्रमाण विचलनाच्या ३.८ पट धरतात. प्रमाण विचलन ०.९ सेंटीमीटर असेल तर कमाल ३.४ सेंटीमीटर. यात प्रवाहाने आणि वाऱ्याने आलेली सरासरी डिस्प्लेसमेंट नाही, ती वेगळी मिळवावी. आणि या आकड्याला चिन्ह नसते, क्षण नसतो, त्यामुळे त्यातून जॅकेटचा वाकलेला आकार काढता येत नाही.

दोन जॉइंटमधला फरक

याच कारणासाठी दोन जॉइंटच्या कमाल किमती एकमेकांतून वजा करू नयेत. डेकचा जॉइंट ४.४ सेंटीमीटरवर पोचतो त्या क्षणी खालच्या पातळीचा जॉइंट आपल्या कमाल किमतीवर असेलच असे नाही. रायझर किंवा कंडक्टर (विहिरीची बाहेरची नळी) यांना लागणारी सापेक्ष डिस्प्लेसमेंट एकाच क्षणाच्या लोड केसमधून, चिन्हासह, वजा करून काढावी. स्पेक्ट्रममध्ये काढायची झाली तर आधी दोन ट्रान्सफर फंक्शनची कलेसह (फेजसह) वजाबाकी करून मग वर्ग करावा. दोन प्लॅटफॉर्मना जोडणाऱ्या पुलाच्या सरकत्या बेअरिंगसाठी मात्र मॉडेल वेगळी, क्षण वेगळे आणि लाट पोचण्याची वेळही वेगळी असते, तेव्हा दोन्ही टोकांच्या कमाल किमती विरुद्ध दिशांनी धरून बेरीज करणे हेच सुरक्षित.

अहवालातली ओळ

मी आता डिस्प्लेसमेंटचा कोणताही आकडा एकटा लिहीत नाही. आपल्या उदाहरणातल्या जॅकेटसाठी ओळ अशी होईल : 'डेकचा जॉइंट, लाट ४५ अंश, आवर्तकाळ १२ सेकंद, दहाव्या आवर्तनातला कमाल ओव्हरटर्निंग मोमेंटचा क्षण, समतुल्य स्टॅटिक लोड, वजन आणि प्रवाह धरून, पाया पूर्ण पीएसआय, स्थिर जमिनीच्या सापेक्ष आडवी डिस्प्लेसमेंट ४.४ सेंटीमीटर, सरळ सुपरएलिमेंटवरच्या पडताळा रनमध्ये ४.१ सेंटीमीटर.' ओळ लांब होते, तक्त्याच्या रकान्यात मावत नाही, आणि टायपिंग करणारा मुलगा दरवेळी कुरकुरतो. त्याला मी रकाना रुंद करायला सांगतो.